टोमॅटोवरचा टुटा: कोकणातल्या मळ्यात त्याला रोखायचं कसं

टोमॅटोच्या पानावर वाळका, तपकिरी चट्टा दिसला की आपल्याकडे पहिलं नाव निघतं करप्याचं. दुकानातून बुरशीनाशक येतं, दोन पंप मारून होतात, आणि आठवड्याने बघावं तर चट्टे वाढलेलेच. फवारणीला हात घालण्याआधी ते पान तोडा आणि उन्हाकडे धरा. करप्याचा डाग आरपार सुकलेला असतो आणि त्यात एकात एक गोल कडी दिसतात. इथे मात्र पानाचा वरचा आणि खालचा पापुद्रा शाबूत असेल, मधला हिरवा गर तेवढा खाल्लेला असेल, त्या पोकळीत काळी विष्ठा साठलेली असेल आणि उजेडात एखादी बारीक सावली हलत असेल. अंगठ्याच्या नखाने पापुद्रा उचकटा. आत अर्ध्या सेंटिमीटरची हिरवट अळी मिळेल. हा टुटा.

पूर्ण नाव टुटा ॲब्सोल्यूटा. शास्त्रज्ञ आता त्याला फ्थोरिमिया ॲब्सोल्यूटा म्हणतात, पण औषधाच्या दुकानात आणि शेतात टुटा हेच चालतं. कापसावरची गुलाबी बोंडअळी आणि बटाट्याचा पतंग ही याच्याच कुळातली मंडळी. एडवर्ड मेरिक या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये पेरू देशातल्या नमुन्यांवरून याचं पहिलं वर्णन केलं. पुढे कित्येक दशकं तो दक्षिण अमेरिकेतच होता. २००६ च्या अखेरीस तो स्पेनमध्ये सापडला आणि तिथून काही वर्षांत भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर आणि आफ्रिकेत पसरला. नायजेरियातल्या कडुना राज्यात तर २०१६ साली टोमॅटोचं पीक इतकं गेलं की सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. आपल्या देशात त्याची पहिली नोंद २०१४ च्या ऑक्टोबरातली, आणि तीही महाराष्ट्रातली, पुणे भागातली.

समुद्र ओलांडायला या पतंगाला पंख पुरले नसते. लांबची मजल तो फळांबरोबर, रोपांबरोबर आणि रिकाम्या खोक्यांबरोबर मारतो. कोकणातल्या शेतकऱ्याने हे एवढं पक्कं लक्षात ठेवलं, तर पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

कोकणात तो येतो कुठून

आपल्याकडे जूनपासून चार महिने अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खाचरात चिखलणी होते, भात लागतं, आणि ऑक्टोबरपर्यंत त्या जमिनीत पाणी उभं असतं. टुटाची अळी पूर्ण वाढली की बहुतेक वेळा जमिनीवर उतरते आणि मातीत किंवा पाचोळ्यात कोष करते. ज्या खाचरात चार महिने पाणी तुंबलंय तिथे या कोषाचा निभाव लागणं कठीण. शिवाय त्या काळात भातशेतीत टोमॅटो नसतोच. देशावर बारमाही टोमॅटो असतो, एक प्लॉट संपतो तेव्हा शेजारचा फुलोऱ्यात असतो, म्हणून तिथे किडीची साखळी तुटत नाही. आपल्याकडे पाऊस ती साखळी फुकटात तोडून देतो.

माझं मत असं, की भाताच्या खाचरात घेतलेल्या टोमॅटोवर टुटा दिसला तर तो बहुतेक करून त्या वर्षी बाहेरून आलेला असतो. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, कोल्हापूर इथला माल कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली अशा घाटांतून रोज खाली उतरतो. त्या मालाच्या देठाखाली अळी असू शकते, कॅरेटच्या कोपऱ्यात कोष असू शकतो. घाटावरच्या नर्सरीतून आणलेल्या ट्रेमधल्या रोपांच्या पानांवर अंडी असू शकतात. थोडीफार कीड इथेही तग धरून राहते: परसातल्या वांग्यांवर, वरकसावरच्या, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरच्या, रिंगणीवर, धोत्र्यावर, कामोणीवर; ही सगळी टोमॅटोच्याच कुळातली. पण मोठा लोंढा येतो तो टेम्पोतून. म्हणून इथे मेहनत करायची ती लागवडीच्या आधी आणि पीक संपल्यावर. मधल्या काळातली फवारणी ही त्याला जोड.

ओळख पक्की करा

टोमॅटोवर पोखरणारे तिघे आहेत आणि तिघांची औषधं वेगळी, म्हणून घोळ होऊ देऊ नका.

पानावर नागमोडी, पांढरी, दोऱ्यासारखी बारीक रेघ दिसली तर ती नेहमीची नागअळी. ती माशीची अळी, पतंगाची नव्हे. खालच्या जुन्या पानांवर थोड्या रेघा असल्या तर पिकाचं फारसं बिघडत नाही. टुटाची सुरुवातही बारीक रेघेनेच होते, पण दोन-तीन दिवसांत तिचा वेडावाकडा पसरट फोड होतो, आधी पांढुरका, मग तपकिरी. नागअळी शेंड्यात सहसा शिरत नाही. टुटा कोवळा शेंडा, खोडाचा बेचका, कळी, हिरवं फळ असं सगळं पोखरतो.

फळाला मोठं गोल भोक आणि अळीचं अर्धं अंग बाहेर असेल तर ती फळ पोखरणारी अळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी. टुटाचं भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं आणि बहुधा देठाच्या हिरव्या पाकळ्यांखाली लपलेलं असतं. तोडताना फळ चांगलं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच भोकातून सडायला लागतं. व्यापारी माल परत करतो तो इथे.

अळी हातात घेतलीत तर डोक्याच्या लगेच मागे एक बारीक काळी पट्टी दिसते. लहानपणी अळी पिवळट-पांढरी, मग हिरवी आणि कोषात जाण्याच्या सुमारास अंगावर गुलाबी छटा. लांबी जास्तीत जास्त पाऊण सेंटिमीटर. पतंग पाच ते सात मिलिमीटरचा, राखाडी, पंखांवर काळे ठिपके. दिवसा तो पानांच्या गर्दीत बसून राहतो, संध्याकाळी आणि पहाटे उडतो. दुपारी बारा वाजता शेतात फेरी मारून "पतंग कुठे दिसत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

महिन्याचा हिशेब

मादी आयुष्यात अडीचशेच्या आसपास अंडी घालू शकते. ती ढिगाने घालत नाही, एकेक करून, जास्त करून कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला. अंडं पिवळसर आणि मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढं, म्हणजे भिंगाशिवाय दिसणं मुश्कील. चार-पाच दिवसांत ते फुटतं. अळी दोन आठवड्यांच्या आसपास खात राहते, कोष आठ-दहा दिवस. थंड हवेत हाच प्रवास अडीच महिन्यांपर्यंत लांबतो, पण किनारपट्टीवर थंडी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. जानेवारीतसुद्धा दुपारचा पारा तिशीच्या पुढे असतो. तेव्हा आपल्याकडे अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना धरून चला, मार्चनंतर त्याहून कमी.

नोव्हेंबरात लागवड झाली, रोपांबरोबर थोडे पतंग आले. डिसेंबरात कोणाच्या डोळ्यात येणार नाही एवढे चट्टे. जानेवारीत "जरा रोग दिसतोय". फेब्रुवारीत, ऐन तोड्याच्या वेळी, फळं पोखरलेली. फेब्रुवारीत जे दिसतं त्याचं मूळ नोव्हेंबरातल्या रोपांत असतं. दुर्लक्ष झालं तर निम्म्यापासून सगळ्या पिकापर्यंत नुकसान होऊ शकतं.

लागवडीच्या आधी

शक्य असेल तर टोमॅटो भाताच्या खाचरातच घ्या. वरकसावर, जिथे पावसाळ्यात वांगी-मिरची होती, तिथे त्याच हंगामात टोमॅटो नको. वांगं आणि बटाटा ही टुटाची पर्यायी घरं. शेजारी लावायचंच असेल तर वाल, चवळी, मुळा, माठ, काकडी, कलिंगड, काहीही चालेल.

बांधावरची कामोणी, धोत्रा, चिरबोटी, रिंगणी ऑक्टोबरातच उपटा. कामोणीची भाजी खाणारी माणसं आहेत, त्यांनी पाहिजे तर घराजवळ चार झाडं राखावीत, पण टोमॅटोच्या बांधावर नको.

रोपं घरी करणं सगळ्यात उत्तम. गादी वाफ्यावर बांबूच्या कमानी करून ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० भोकांची, कीटकरोधक जाळी चारही बाजूंनी मातीत दाबून टाका. मच्छरदाणीचं कापड वापरायचं तर भोकं बारीक आहेत का ते पाहा. हिरवी शेडनेट सावली देते, पतंग अडवत नाही, हा फरक बरेच जण विसरतात. जाळी पहिल्या दिवसापासून हवी आणि आत-बाहेर करताना उघडी पडता नये.

रोपं विकत आणायची असतील तर ट्रे थेट शेतात नेऊ नका. घराच्या एका बाजूला, जाळीखाली, पाच-सहा दिवस ठेवा. अंडं फुटून पानात पहिली रेघ उमटायला एवढा अवधी पुरतो. पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येक ट्रेमधली दहा-वीस रोपं उलटीपालटी करून बघा. एकाद-दुसरं पान पोखरलेलं असेल तर पान तोडून नष्ट करा आणि आणखी दोन दिवस थांबा. ट्रेभर दिसत असेल तर नर्सरीवाल्याला परत द्या. लागवड आठवडाभर पुढे ढकलली तर जीव जात नाही, टुटा शेतात शिरला तर हंगाम जातो.

वाणाबद्दल एक गोष्ट. कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर हे टोमॅटोचं जुनं दुखणं, आणि त्यासाठी बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक बरेच जण लावतात. तो मर, पर्णगुच्छ विषाणू आणि लवकर येणारा करपा यांना तोंड देतो. टुटाला नाही. "रोगप्रतिकारक वाण घेतलाय" म्हणून निर्धास्त राहू नका.

सापळे: कधी, किती, कुठे

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाने नर येतो आणि अडकतो. इथे पहिली चूक दुकानातच होते. फळ पोखरणाऱ्या अळीची गोळी वेगळी आणि टुटाची वेगळी. "टोमॅटोची ल्युअर द्या" म्हटलंत तर हातात दुसरीच पडू शकते. टुटाची म्हणून मागा, पाकिटावर नाव वाचा. दोन्ही सापळे लावायचे असतील तर एका गोळीला लावलेला हात दुसरीला लावू नका, वास मिसळतो.

पहिला सापळा लागवडीच्या आठवडाभर आधी लावा. रिकाम्या शेतात सापळा कशाला, असं शेजारी विचारतीलच. त्या सापळ्यात पतंग आले तर जवळपास कुठेतरी कीड आधीच आहे हे कळतं आणि पहिल्या दिवसापासून सावध राहता येतं. नुसत्या नजरेसाठी छोट्या प्लॉटला एक-दोन सापळे पुरतात. एक रस्त्याच्या किंवा घराच्या बाजूला, जिथे कॅरेट उतरतात तिथे, आणि दुसरा शेताच्या मधे.

नर पकडून संख्याच कमी करायची असेल तर एकरी १५ ते २० सापळे लागतात. कोकणात एकराचा सलग टोमॅटो क्वचितच. दहा गुंठ्यांना चार-पाच धरा. पण हा उपाय एकट्याने करून फारसा उपयोग नाही. एक नर अनेक माद्यांशी संग करतो, त्यामुळे थोडे नर सुटले तरी काम चालू राहतं, आणि शेजारच्या प्लॉटमधून फळलेल्या माद्या येतच राहतात. मळ्यातल्या सगळ्यांनी मिळून लावले तर फरक पडतो. नाहीतर सापळा हा निरोप देणारा समजा, मारणारा नव्हे.

विकतचे डेल्टा सापळे चिकट कागदाचे असतात. नदीकाठच्या दवात आणि धुळीत तो कागद लवकर निकामी होतो, म्हणून मला पाण्याचा सापळा बरा वाटतो. पसरट प्लास्टिकचं टब किंवा जुनं घमेलं घ्या. त्यात पाणी भरून चमचाभर कपडे धुण्याची पावडर टाका, म्हणजे पतंग तरंगत न राहता बुडतो. दोन काठांवर तार ताणून गोळी पाण्यापासून बोटभर वर लटकवा. टब सुरुवातीला जमिनीवर ठेवा, झाडं मोठी झाली तरी कमरेच्या वर नेऊ नका, कारण हा पतंग खालून उडतो. पाणी दोन दिवसांनी भरायला लागतं. गोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण महिना-दीड महिन्याने, बदला. मार्च-एप्रिलच्या उन्हात लवकर. न वापरलेल्या गोळ्या फ्रिजमध्ये.

आणि वानर. टब उलटा करणं हा त्यांचा आवडता उद्योग. टबात दोन चिरे किंवा मोठे दगड ठेवले तर निदान पहिल्या धक्क्याला तो टिकतो.

आठवड्यातून एक वार ठरवून पतंग मोजा आणि कॅलेंडरवरच आकडा लिहा. एका आठवड्याच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. दोन, तीन, अकरा असा तो चढत गेला की समजा, चार-पाच दिवसांत पानांवर नव्या रेघा दिसणार.

प्रकाश सापळ्यात मादीही सापडते हे खरं, पण त्यात मित्रकीटकही मरतात आणि शेतात रात्री वीज न्यायची कटकट वेगळी. जमत असेल तर करा.

आठवड्याची फेरी

सकाळी, ऊन तिरपं असताना शेतात जा. बांधावरून नजर टाकून चालत नाही. आडवंतिडवं चालत वीसेक झाडं निवडा आणि प्रत्येकाचा वरचा एक तृतीयांश भाग बघा: शेंडा, पानाचा खालचा भाग, बेचके. पांढुरका ताजा फोड दिसला की पान उन्हाकडे धरायचं. आत अळी असेल तर फोड जिवंत. तपकिरी, रिकामा फोड म्हणजे अळी तिथून निघून दुसऱ्या पानात गेली किंवा कोषात गेली. टुटाची अळी एका पानातून बाहेर येऊन दुसऱ्यात शिरू शकते, म्हणून रिकाम्या फोडाच्या शेजारची पानं जरूर बघा.

सुरुवातीच्या काळात हाताने पानं तोडणं हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. पाच-दहा गुंठ्यांत घरची दोन माणसं तासाभरात हे काम करतात. तोडलेली पानं बांधावर टाकलीत तर सगळी मेहनत वाया, कारण अळी त्या सुकत्या पानातून निघून मातीत कोष करते. कमरेला प्लास्टिकची पिशवी बांधा, पान थेट पिशवीत. फेरी संपली की तोंड घट्ट बांधून पिशवी कातळावर कडक उन्हात आठ-दहा दिवस टाका. पोखरलेल्या फळांचंही तेच. शेणखताच्या खड्ड्यात वरच्यावर टाकलेली फळं म्हणजे खड्ड्यालाच टुटा लावणं.

मर रोगाची लागण असलेल्या शेतात आधी निरोगी झाडांकडे जा, शेवटी आजारी झाडांकडे, आणि हात धुवा.

झाडं माणग्याच्या किंवा चिव्याच्या काठ्यांना सुतळीने बांधून उभी ठेवलीत तर ही फेरीही सोपी होते आणि फवारणीही पानांच्या खालच्या बाजूला पोचते. जमिनीवर लोळणाऱ्या टोमॅटोत टुटा शोधणं म्हणजे शिक्षा.

फवारणी

अळी पापुद्र्याच्या आत असते, त्यामुळे नुसतं अंगावर पडून मारणारं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. कोकणात एक पद्धत सर्रास आहे: आंब्याच्या तुडतुड्यांसाठी आणलेलं सिंथेटिक पायरेथ्रॉइड उरलं की ते टोमॅटोवर मारायचं. याचा टुटाला फारसा त्रास होत नाही, अनेक देशांत तो या गटाला सरावलेला आढळला आहे. मरतात ते त्याला खाणारे. टोमॅटोवर एक बारीक हिरवा ढेकूण असतो, नेसिडिओकोरिस नावाचा, तो टुटाची अंडी आणि लहान अळ्या फस्त करतो. फार वाढला तर तो खोडावर तपकिरी कडी पाडतो हे खरं, तरी टुटाच्या तुलनेत तो परवडला. आंब्याचं औषध आंब्यालाच राहू द्या.

सुरुवात सौम्य औषधांनी करा. सापळ्यातला आकडा वाढायला लागला आणि पानांवर अजून थोडेच फोड असले तर निंबोळीवर आधारित औषध. देशावर बांधाबांधावर कडुनिंब असतो, आपल्याकडे तसा नाही, त्यामुळे घरचा पाच टक्के निंबोळी अर्क सगळ्यांना जमत नाही. मग निंबोळीतलाच घटक असलेलं विकतचं औषध, १०,००० पीपीएमचं ॲझाडिरेक्टिन, लिटरला २ ते ३ मिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, लहान अळ्यांवर चांगलं काम करतं. मेटारायझियम आणि बिव्हेरिया या बुरश्यांना दमटपणा लागतो, त्यामुळे नदीकाठच्या दवाळ मळ्यात त्या वापरून बघण्यासारख्या आहेत. ही सगळी संध्याकाळी मारायची, कारण उन्हात त्यांचा जोर जातो. बुरशीनाशकाबरोबर बिव्हेरिया मिसळू नका. ते बुरशीलाच मारणार.

एवढ्याने भागलं नाही, ताजे फोड वाढतच राहिले, तरच रासायनिक औषध. पानात मुरणारं, अळीपर्यंत पोचणारं हवं. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी लिटरला ०.३ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिली. मोजायला इंजेक्शनची सिरिंज वापरा, टोपणाने अंदाज घेऊ नका. सायँट्रानिलिप्रोल, फ्लुबेंडिअमाइड, इंडोक्झाकार्ब, स्पिनोसॅड ही बाकीची नावं. लेबलवर टोमॅटो हे पीक छापलेलं आहे का ते बघूनच घ्या आणि मात्रा लेबलचीच धरा.

आता महत्त्वाचं. औषध बदलून मारा, हे सगळे सांगतात. पण क्लोरँट्रानिलिप्रोल, सायँट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेंडिअमाइड ही नावं तीन असली तरी औषधं एकाच गटातली, गट २८. अळीच्या शरीरात तिघांचा घाव एकाच जागी बसतो. बाटली बदलली, कंपनी बदलली, अळीच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. इटली आणि ब्राझीलमध्ये या गटाला न जुमानणारा टुटा सापडलेला आहे. तेव्हा महिन्याचा हिशेब इथे वापरा: किडीची एक पिढी साधारण महिन्याची, म्हणून एका महिन्यात एकच गट, गरज पडली तर दोन वेळा, आणि पुढच्या महिन्यात तो गट बंद. डिसेंबरात गट २८ मारला असेल तर पुढच्या महिन्यात स्पिनोसॅड, त्यापुढे इंडोक्झाकार्ब. दुकानदाराला औषधाचा गट विचारा. सांगता आला नाही तर बाटलीवरचं तांत्रिक नाव वाचा, व्यापारी नाव सोडून द्या.

वेळ संध्याकाळची. किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा सुटतो, तेव्हा अर्धं औषध शेजाऱ्याच्या वालावर जातं. वारा पडल्यावर सुरू करा. नोझल खालून वर धरा. तोडा आधी, फवारणी त्याच संध्याकाळी, आणि पुढचा तोडा लेबलवरचा प्रतीक्षाकाळ संपल्यावरच. काहींचा तो तीन दिवस, काहींचा पाच. आपला टोमॅटो बहुतेक गावच्याच आठवडा बाजारात जातो, म्हणजे तो खाणारी माणसं ओळखीचीच असतात. तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि पंपाच्या पाण्यात हात घालून ढवळणं बंद.

काही समजेनासं झालं तर पोखरलेली चार पानं पिशवीत घालून कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. रोह्याजवळ किल्ला, मालवण तालुक्यात किर्लोस, डहाणूकडे कोसबाड इथे अशी केंद्रं आहेत. दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठही आहेच. फोटो पाठवायचा तर पान उन्हाकडे धरून काढा, नुसत्या चट्ट्यावरून कोणीही काही सांगू शकणार नाही.

कॅरेट आणि तोडा

बाजारात गेलेली कॅरेट परत येतात तेव्हा ती आपलीच असतील असं नाही. व्यापाऱ्याकडून उचललेली, घाटावरून आलेलीही असतात. ती विहिरीवर साबणाच्या पाण्याने घासून दिवसभर उन्हात उपडी ठेवा, आणि शेतात नेऊच नका. फळं शेतातून घरापर्यंत पाटीतून आणायची आणि कॅरेटमध्ये खळ्यात भरायची. निवडताना बाजूला काढलेला माल संध्याकाळपर्यंत पिशवीबंद झाला पाहिजे.

हॉटेलवाले, खानावळवाले घाटावरचा टोमॅटो आणतात आणि सडका माल मागच्या बाजूला फेकतात. तुमचा मळा त्याच्या शेजारी असेल तर एकदा जाऊन गोडीने बोला.

पीक संपवणं

एप्रिल येतो, विहीर तळाला जाते, भाव पडतो, आणि टोमॅटो तसाच सोडून माणसं आंब्याच्या कामाला लागतात. कोकणात टुटाचं सगळ्यात मोठं उत्पादन या सोडून दिलेल्या प्लॉटमध्ये होतं. पाणी नाही, फवारणी नाही, तोडा नाही; अर्धमेल्या झाडांवर अळ्या मात्र पोसत असतात, आणि तिथून उडालेले पतंग शेजारच्या उशिरा लावलेल्या टोमॅटोवर आणि परसातल्या वांग्यांवर जातात.

शेवटच्या तोड्यानंतर दोन-तीन दिवसांत झाडं मुळासकट उपटा. खाली पडलेली फळं वेचा. बुंध्याशी पेंढ्याचं किंवा पाल्याचं आच्छादन केलं असेल तर तेही गोळा करा, कारण कोष त्यातच असतात. सगळ्याचा एक ढीग करून वर मेणकापड टाका, कडा मातीने दाबा आणि एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन आठवडे तसाच ठेवा. आतली उष्णता अळी-कोषांना पुरते, आणि त्यातून जे पतंग निघतील तेही आतच अडकतात. त्यानंतर तो सुका पाला राबाच्या भाजावळीत (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्यात) घातला तरी चालेल, आधी मात्र नको: उघड्यावर ओढत राबापर्यंत नेताना निम्मे पतंग वाटेत उडून जातात. काठ्या आणि सुतळी पुन्हा वापरायच्या असतील तर त्याही त्याच मेणकापडाखाली ठेवा.

जमीन एकदा नांगरून ढेकळं मेभर तापू द्या. वर आलेले कोष साळुंक्या आणि बगळे टिपतात, राहिलेल्यांना ऊन आणि नंतर चिखलणी. वरकसावर टोमॅटो घेतला असेल तर तिथे चिखलणी होणार नाही, त्यामुळे त्या तुकड्यात पावसाळ्यात वांगी-मिरचीऐवजी नाचणी, वरी किंवा काकडीचे वेल घ्या.

पहिल्या पावसानंतर खताच्या खड्ड्याजवळ आणि मोरीच्या पाण्यावर टोमॅटोची रोपं आपोआप उगवतात. तीही जूनअखेर उपटून टाका. घरच्या सारापुरतं एखादं झाड ठेवायचंच असेल तर ठेवा, पण पाऊस ओसरला की त्याच्याखाली टुटाच्या गोळीचा एक टब मांडा. नव्या लागवडीआधी आसपास पतंग आहे की नाही, ते तिथेच कळेल.